बिननावाच्या बाईची बहीण

माझी मुलगी दहावीत असताना तिच्या शाळेतून मला ऑफिसात फोन आला. शाळा शारजात, आम्ही राहायला अजमानला, आणि माझं ऑफिस दुबईत मुहैस्नाहला, ज्याला आपली सगळी माणसं सोनापूर म्हणतात. टीचर म्हणाल्या, मॅडम, प्रोजेक्टबद्दल बोलायचं आहे, फोनवर नको. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि हिने कुणाची तरी कॉपी केली असणार असं धरून निघाले.

प्रोजेक्टचा विषय होता जगातलं एक मोठं शहर. वर्गातल्या मुलांनी पॅरिस, टोकियो, सिंगापूर घेतलं होतं. माझ्या मुलीने अमेरिकेतलं एक शहर घेतलं होतं, आणि तिथले पूल, इमारती, म्युझियमं सगळं सोडून तिथे गाजलेले खून निवडले होते. शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. आता तिची नोकरी त्याच शहरात आहे, आणि कामाबद्दल बाहेर बोलताना नावं घ्यायची नाहीत असं तिने मला बजावलं आहे.

आमच्या घरात हा विषय नवा नव्हता. बरीच वर्षं ती कानात इयरफोन घालून त्या खटल्यांचे पॉडकास्ट ऐकत असे आणि जेवताना आम्हाला सांगत असे. तिचे डॅडी ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचे. आम्ही वसईकडचे कॅथलिक. एकदा आमच्या फ्लॅटमध्ये रोझरीची प्रार्थना होती, ती संपल्यावर चहा होईपर्यंत हिने जमलेल्या बायकांना अशीच एक हकिगत ऐकवली. त्यातल्या एका बाईने मला किचनमध्ये गाठून सांगितलं की मुलीला एकदा फादरांशी बोलायला घेऊन जा. मलाही काळजी वाटायचीच. त्यामुळे शाळेत बसले तेव्हा मी मान खाली घालायच्या तयारीत होते.

टीचरनी फाइल माझ्यापुढे सरकवली. मी पहिलं पान उघडलं, मग दुसरं. खुनी कुठेच नव्हते. त्यांचे फोटो नव्हते, नावंही नव्हती. प्रत्येक पानावर एक गेलेलं माणूस होतं. एक नर्सिंग शिकणारी मुलगी, एक बेकरीत काम करणारी, एक शाळकरी पोरगा, एक दोन मुलांची आई. कुठलं गाव, काय आवडायचं, घरी कोण होतं, हे सगळं तिने जुन्या वर्तमानपत्रांतून इंटरनेटवर शोधून लिहिलं होतं. शेवटच्या पानावर मात्र फोटोच्या जागी नुसती राखाडी आकृती होती, आणि खाली एक ओळ होती की ही बाई कोण होती ते अजून कुणाला माहीत नाही.

टीचर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या की वर्गाच्या भिंतीवर हे लावलं तर लहान मुलं घाबरतील, पालकांच्या तक्रारी येतील. त्यांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, भिंतीवर लावू नका, पण पूर्ण वाचून मार्क द्या. त्यांनी फाइल घरी नेली आणि पुढच्या आठवड्यात चांगले मार्क देऊन परत केली.

त्या दिवशी गाडीत मी मुलीला विचारलं की शेवटचं पान रिकामं का ठेवलंस. ती इंग्रजीतच उत्तर देते, तशीच म्हणाली की त्या बाईला न्यायला कधी कुणी आलंच नाही. मी म्हटलं, असं कसं, कुणीतरी शोधत असेलच की. त्यावर ती म्हणाली, मग त्यांना कुणीतरी सांगायला नको का?

हे तिच्या डोक्यात कुठून आलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. ते माझ्याकडूनच आलं होतं.

मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्सोनेलला आहे. व्हिसा, मेडिकल, रजा, तिकिटं हे माझं काम. पण कंपनीतला एखादा कामगार इथे वारला तर त्याच्या घरी फोन करायचं कामही माझ्याकडेच आहे. पहिल्यांदा मॅनेजरने मला सांगितलं ते मी बाई आहे आणि मराठी-हिंदी दोन्ही बोलते म्हणून. दुसऱ्यांदा सांगितलं ते पहिल्यांदा मी केलं होतं म्हणून. त्यानंतर कुणी विचारलंही नाही, काम माझंच झालं. बहुतेकदा हार्ट अटॅक असतो. चाळिशीचा धडधाकट माणूस सकाळी उठतच नाही.

शाळेला सुट्टी असली की मुलगी माझ्याबरोबर ऑफिसला यायची. ती बारा-तेरा वर्षांची असेल तेव्हा आमचा नांदेडकडचा एक सुतार कामगारांच्या कॅम्पमध्ये झोपेतच गेला. मी त्याच्या बायकोला फोन लावला तेव्हा मुलगी समोरच्या खुर्चीत चित्र रंगवत बसली होती. ती बाई रडली नाही. मग तिने विचारलं की काल त्यांनी जेवायला काय केलं होतं. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते.

मी मुलीला गाडीत घातलं आणि कॅम्पवर गेले. त्याच्या खोलीतली माणसं बाहेर पायरीवर बसली होती. त्यांनी सांगितलं की काल त्याचीच पाळी होती, त्याने सगळ्यांसाठी वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती, आणि भाकरी चांगली जमली म्हणून तो खूश होता. मी गाडीतूनच त्या बाईला पुन्हा फोन केला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा ती रडली. फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं की एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आलीस. मी म्हटलं, तिने विचारलं होतं म्हणून.

मी हे विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती.

बारावीनंतर तिने ठरवलं की जी माणसं बेवारस म्हणून पुरली गेली त्यांची हाडं आणि डीएनए तपासून त्यांची नावं शोधायचं शास्त्र शिकायचं, आणि तेही त्याच शहरात. तिच्या डॅडींचा अजमानला मसाल्यांचा होलसेलचा धंदा आहे. त्यांना ती फार्मसीला जायला हवी होती. वसईहून नणंदेचा फोन आला की हे कसलं मुडद्यांचं शिक्षण, उद्या लग्नाच्या वेळी काय सांगणार. घरात दोन महिने कुणी कुणाशी धड बोललं नाही. मुलीने मात्र वाद घातला नाही. ती रोज डॅडींच्या दुकानात जाऊन बसायची, माल उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायची. एक दिवस त्यांनीच येऊन मला सांगितलं की खलास, जाऊ दे तिला, तिथे काही झालं तर दुकान आहेच. विमानतळावर सोडून आल्यानंतर ते लोकांना सांगू लागले की मुलगी डॉक्टरकीच्या जवळपासचं काहीतरी शिकते आहे.

शिक्षण संपल्यावर तिला तिथल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. पोलिसांकडच्या जुन्या प्रकरणांतल्या अनोळखी मृतांवर ती लॅब काम करते. पहिली एक-दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. मग जुन्या प्रकरणांच्या पेट्या पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा त्यांत तिच्या दहावीच्या प्रोजेक्टमधली ती शेवटची बाई होती. काही दशकांपूर्वी त्या शहरात एका माणसाने बायकांचे खून केले होते. तो पकडला गेला, तुरुंगात मेला, त्याच्यावर पुस्तकं निघाली. त्याने मारलेल्यांपैकी या एकीचं नाव कधीच लागलं नव्हतं. मुलीने साहेबांकडे जाऊन ते काम मागून घेतलं.

त्यात किती वेळ गेला ते मी बघत होते. हाडांतून मिळालेला डीएनए दूरच्या नातेवाइकांशी जुळवायचा, मग त्यांच्या आज्या-पणज्यांपासून खाली येत येत घराण्याचा वृक्ष मांडायचा, आणि त्यात कुठली मुलगी हरवली ते बघायचं. नाताळला ती घरी आली तेव्हासुद्धा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसायची. शेवटी तिला एक मध्यमवयीन माणूस सापडला. त्याने लाळेचा नमुना दिला. तो जुळला. मेलेली बाई त्याची मावशी होती. त्याची आई, म्हणजे त्या बाईची सख्खी बहीण, ऐंशीच्या घरात होती आणि शहरापासून काही तासांवरच्या एका गावात एकटी राहत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलाने सांगितलं की आईला हे सांगणं मला जमणार नाही, तुम्ही सांगा.

हे काम पोलिसांचं. लॅबची माणसं सहसा जात नाहीत. पण मुलगा बरेच महिने माझ्या मुलीशीच फोनवर बोलत आला होता, म्हणून पोलीस अधिकारी बाईंनी तिला बरोबर चल म्हटलं.

त्या दिवशी मी ऑफिसातून घरी येत होते. शारजाचा तोच नेहमीचा ट्रॅफिक. मुलीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मी पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली. ती इंग्रजीत म्हणाली की मम्मा, आम्ही तासाभरात निघतो आहोत. मग तिने मराठीत विचारलं, "तू कसं सांगायचीस गं?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा कधी मांडून पाहिलं नव्हतं. जे सुचलं ते सांगत गेले. म्हटलं, आधी बघ घरात तिच्याबरोबर कोण आहे. तिला बसू दे, तू पण बस, उभ्याने सांगू नकोस. बहिणीचं नाव आधी घे, घरात जे म्हणत असतील ते. मग वारली असं साध्या शब्दांत सांग. केस म्हणू नकोस, बॉडी म्हणू नकोस. तिने विचारलं आणि तुला माहीत असेल तर खरं सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. तिने विचारलं नाही ते तू होऊन सांगू नकोस.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग गप्प बस, बाय. उठायची घाई करू नकोस."

ती बरं म्हणाली. मी घरी आले, पण हात कशालाच लागेना. तिच्या डॅडींना सांगितलं तर तेही दुकान नोकरावर टाकून घरी आले आणि उगाच टीव्हीचे चॅनेल बदलत बसले.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं. म्हातारी बाई दार उघडून त्यांच्याकडे बघत राहिली आणि पोलीस बाईंना म्हणाली की मुलाला काही झालंय का. मुलगा मागेच होता, त्याला बघून तिला हायसं वाटलं. सगळे आत जाऊन बसले. माझ्या मुलीने तिच्या बहिणीचं लाडाचं नाव घेतलं. ते नाव तिने भाच्याकडून विचारून ठेवलं होतं. आणि सांगितलं की ती खूप वर्षांपूर्वी वारली, आणि आता आम्हाला ती सापडली आहे.

बाई उठली आणि किचनमध्ये गेली. सिंकमध्ये धुतलेल्या बशा होत्या, त्याच ती परत धुवायला लागली. माझी मुलगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि फडकं घेऊन बशा पुसू लागली. शेवटची बशी झाल्यावर बाई म्हणाली की मी आजपर्यंत तिच्यावर रागावून होते. दोघी बहिणींचं भांडण झालं होतं, धाकटी एका माणसाबरोबर शहरात निघून गेली होती, आणि तिने पत्र पाठवलं नाही म्हणून मोठीने मनात धरलं होतं. ती कुठेतरी मजेत आहे, तिला आमची आठवण नाही, असं समजून हिने सगळं आयुष्य काढलं. खरं तर धाकटी घर सोडल्यानंतर काही महिन्यांतच गेली होती.

मग बाईने विचारलं की तिच्या अंगावर काय होतं. मुलीला माहीत होतं. तिने सांगितलं की लोकरीचा हिरवा कोट होता, आणि त्याला वरचं एक बटण वेगळं होतं, तपकिरी. बाई खुर्चीत बसली. ते बटण तिने स्वतःच्या कोटाचं काढून बहिणीला लावून दिलं होतं, भांडणाच्या आधीच्या हिवाळ्यात. म्हणजे भांडण झालं तरी तिने तो कोट टाकला नाही, असं म्हणून ती रडली.

ती कशाने गेली ते तिने विचारलं, तेव्हा पोलीस बाईंनी खुनाचं खरं ते सांगितलं. तिला त्रास झाला का, असंही तिने विचारलं. माझी मुलगी म्हणाली की मला माहीत नाही. पोलीस बाई निघायच्या गडबडीत होत्या, पण त्याही मग बसल्या. अंधार पडायला लागेपर्यंत त्या तिथेच होत्या. बाईने त्यांना सूप करून दिलं.

हे ऐकताना माझे डोळे भरून आले, ते दुःखाने कमी आणि अभिमानाने जास्त. तिची डिग्री, तिची लॅब, त्या मशीनी, यातलं मला अर्धंही कळत नाही. पण ती बशा पुसायला उठली हे मला नीट कळलं. ते मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने केलं होतं.

काही आठवड्यांनी पोलिसांनी नाव जाहीर करायचा कार्यक्रम ठेवला. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ, आणि तो इंटरनेटवर लाइव्ह दिसणार होता. तिच्या डॅडींनी दुकानातल्या टीव्हीवर तो लावला, मीही ऑफिसातून थेट तिथेच गेले. अकाउंटंट मल्याळी, डिलिव्हरीचा ड्रायव्हर पेशावरचा, दोन गिऱ्हाइकं उम्म अल कुवैनहून माल न्यायला आलेली. सगळ्यांना त्यांनी थांबवून घेतलं आणि चहा मागवला.

आधी मोठे अधिकारी बोलले. खुन्याचं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येत होतं. माझी मुलगी मागच्या रांगेत टोकाला उभी होती, अर्धीच दिसत होती. मग म्हातारीला माइकपाशी आणलं. ती म्हणाली की त्या माणसाचं नाव मी घेणार नाही, तुम्ही पुष्कळदा घेतलंत. माझी बहीण बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायची, अख्ख्या गावातला एकही पोरगा तिच्याइतकी मोठी वाजवू शकत नव्हता. ती चर्चच्या क्वायरमध्ये बेसूर गायची. तिला घोडे आवडायचे. हे छापा. एवढं बोलून तिने मागे वळून पाहिलं आणि माझ्या मुलीला बोटाने पुढे बोलावलं. ती नको नको म्हणत होती. बाईने तिचा हात धरून तिला शेजारी उभं केलं आणि म्हणाली की या मुलीने तिला शोधलं, आणि माझ्याबरोबर बसली.

तिच्या डॅडींनी दुकानातल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत सांगितलं की ती माझी मुलगी आहे. हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, मोडक्या मल्याळममध्ये सांगितलं. ड्रायव्हरने माशाल्ला म्हणून त्यांना मिठी मारली. उम्म अल कुवैनच्या गिऱ्हाइकांनी मला विचारलं की ती पोलिसात आहे का. मी म्हटलं, नाही, ती हरवलेल्या माणसांची नावं शोधते. दहा वर्षं मला तिचं काम कुणाला एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी सहज आलं.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत खुन्याचाच फोटो मोठा होता. मुलगी चिडली. पण एका पेपरात शिट्टीची गोष्ट आली होती, ती तिने मला पाठवली. नणंदेचा वसईहून फोन आला. तिने त्या व्हिडिओची लिंक मागितली, पॅरिशच्या ग्रुपवर टाकायची होती तिला. मी लगेच पाठवली आणि मनातल्या मनात जरा जास्तच खूश झाले.

त्यानंतरच्या एका रविवारी मुलगी त्या बाईंना भेटायला गेली होती आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल केला. बाईंना माझ्याशी बोलायचं होतं. स्क्रीनवर पांढऱ्या केसांचा, बारीक चेहरा आला. माझं इंग्रजी ऑफिसचं, त्यांचं गावाकडचं, त्यामुळे दोघींनाही दोनदा दोनदा विचारावं लागत होतं. आधी त्यांनी तक्रार केली की तुमची मुलगी नाश्ता करत नाही. मी म्हटलं, इथेही करत नव्हती. मग त्यांनी विचारलं की तुम्ही पण हेच काम करता, असं ही म्हणाली, ते खरं का. मी म्हटलं, हो, मी फोनवर सांगते. त्या म्हणाल्या की फोनवर सांगणं जास्त कठीण असेल, बशा पुसता येत नाहीत. मी म्हटलं, हो, ते खरं आहे.

मग त्यांनी एक फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. लाकडी कुंपणावर बसलेल्या दोन मुली, मोठीने धाकटीच्या खांद्यावर हात टाकलेला, हसताना धाकटीचे डोळे मिटलेले. त्यांनी मला तिचं नाव सांगितलं. मी ते उच्चारून पाहिलं. चुकलं. बाईंनी हळू आवाजात, तोडून तोडून पुन्हा सांगितलं. मागे उभी असलेली माझी मुलगीही माझ्याबरोबर ओठ हलवत होती. दुसऱ्यांदा मला ते नीट म्हणता आलं.